‘काही नाही, जाऊ दे’
(प्राथमिक शिक्षकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. आजचं बोलणं एका मुलीभोवती फिरणार आहे. तिला सुमी म्हणू. सुमी खरी नाही, पण तुमच्यापैकी काहींच्या वर्गात ती बसलेली असेल. तिसरीत आहे, दोन्ही कानांमागे श्रवणयंत्र आहे, अक्षर छान आहे, आणि ‘समजलं का?’ असं विचारलं की ती नेहमी मान हलवते.

कायद्याचं आधी उरकतो. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात दोन्ही कानांना ६० ते ७० डेसिबल श्रवणऱ्हास असेल तर ‘कर्णदोष’ आणि त्यापुढे ‘कर्णबधिर’ अशी ढोबळ विभागणी आहे. ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वयाच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिकण्याचा हक्क आहे. म्हणजे सुमी तुमच्या वर्गात हक्काने बसली आहे. आपण एक मीटरवर बसून गप्पा मारतो तो आवाज साधारण ६० डेसिबलचा असतो. तिच्या बाबतीत यंत्राशिवाय तो जवळजवळ पोचतच नाही.

आता यंत्र. चष्मा लावला की दिसतं, तसं मशीन लावलं की ऐकू येतं, हा सगळ्यात महागात पडणारा गैरसमज. मशीन आवाज मोठा करतं, आणि तुमच्या आवाजाबरोबर पंख्याची घरघर, बाक सरकवल्याचा कर्कश आवाज, शेजारच्या वर्गातले पाढे हेही मोठे करतं. ते उत्तम चालतं ते एक-दोन मीटरच्या आत. अंतर दुप्पट झालं की तुमचा आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो, पंखा मात्र जिथल्या तिथे असतो. पावसाळ्यात पत्र्याच्या छपराखाली कितीही चांगलं मशीन हरतं. अशा दिवशी तोंडी काम बाजूला ठेवा आणि फळ्यावरचं घ्या.

मशीन नीट चालतंय का ते बघायला सकाळी परिपाठाआधी एक मिनिट काढा. तिच्यापासून एक मीटरवर उभे राहा, तोंडासमोर कागद धरा आणि आ, ई, ऊ, म, श, स हे सहा आवाज क्रम बदलून म्हणा. तिने ऐकून तसंच म्हणायचं. मध्येच एखाद्या वेळी काहीच बोलू नका, नाहीतर ती ताल पकडून अंदाज करते. मुलं यात फार हुशार असतात. काल ‘स’ येत होता आणि आज येत नाही, तर आधी सेल बघा, मग मशीनचा आवाज कानातल्या साच्यापर्यंत नेणारी नळी. नळीत घामाचा किंवा दमट हवेचा थेंब अडकला की आवाज बसतो. रात्री मशीन ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या डबीत ठेवायला घरच्यांना सांगा. शिट्टी वाजत असेल तर बहुधा कानातला साचा सैल झालाय. मूल वाढतं तसा कानही वाढतो, त्यामुळे साचा बदलावा लागतो. साचा येईपर्यंत ‘शिट्टी वाजते’ म्हणून मशीन काढून दप्तरात ठेवायला लावू नका. हे सर्रास होतं.

सेल झिंक-एअर जातीचे असतात. चिकटपट्टी काढली की हवा लागते आणि सेल सुरू होतो. एक मिनिट थांबून मग बसवायचा. पट्टी परत चिकटवून तो वाचत नाही. कंपनी कुठलीही असो, रंगावरून माप कळतं: ६७५ निळा, १३ नारिंगी, ३१२ तपकिरी. एक पाकीट शाळेच्या कपाटात असू द्या, कुलपात. लहान मुलाने हा सेल गिळला तर जिवावर बेतू शकतं.

बसायची जागा. सगळे तिला पहिल्या बाकावर, टेबलासमोर बसवतात. तिथून तिला सरांची हनुवटी दिसते आणि मागे कोण बोललं ते कळत नाही. दुसरी रांग, कडेचा बाक आणि बरा असलेला कान वर्गाकडे, असं बसवा. तिथून तुमचं तोंडही दिसतं आणि मान वळवली की बाकीची मुलंही. तुम्ही खिडकीला पाठ करून उभे राहू नका. मागून उजेड आला की तुमचा चेहरा काळा दिसतो.

ओठ वाचता येतात ना, असं कोणी म्हणेल. आरशासमोर उभे राहून आवाज न काढता म्हणून बघा: पान, मान, भान. तिन्ही वेळा ओठ अगदी सारखेच मिटतात आणि उघडतात. ‘क’ आणि ‘ग’ तर घशाशीच घडतात, ओठांवर काहीच उमटत नाही. राहिलेलं सगळं ती संदर्भावरून जुळवते. म्हणून तेच वाक्य तीनदा मोठ्याने ओरडण्यापेक्षा शब्द बदलून सांगा. ‘वही काढा’ कळलं नाही तर ‘गणिताची, निळी वही’. ओरडल्याने ओठांचा आकार बिघडतो, मशीनमधून आवाज फाटका येतो, आणि बाई चिडल्या असंच तिला वाटतं. फळ्याकडे तोंड करून बोलणं ही आपली सगळ्यांची खोड. लिहा, वळा, मग बोला. श्रुतलेखनात सुटा शब्द देऊ नका, आधी वाक्यात वापरा. आणि ‘समजलं का?’ विचारू नका. ‘आता काय करायचंय, सांग’ असं विचारा. दुपारनंतर तिचं लक्ष उडालं तर आळस समजू नका. सकाळपासून ती सगळं ओठांवरून आणि तुकड्यांवरून जुळवत बसलेली असते.

मुलांचं काय? ‘ए बहिरी’ म्हणणारा एखादा असतोच. त्याला ओरडून गप्प करता येतं, पण मधल्या सुट्टीत तो पुन्हा सुरू होतो. त्यापेक्षा आधी सुमीला आणि तिच्या आईला विचारा: मशीन वर्गाला दाखवू का? नाही म्हणाली तर विषय संपला. हो म्हणाली तर तिलाच सांगू द्या, सेल कुठे बसतो, कशाने बिघडतं. मग मुलांना कानांत बोटं घालायला लावून, पाठ फिरवून, हळू आवाजात दहा शब्द सांगा आणि लिहायला लावा. वह्यांमध्ये काय काय उतरतं ते बघण्यासारखं असतं. पण तिथेच थांबलात तर ‘बिचारी’ एवढंच उरेल, आणि दया ही चिडवण्याइतकीच चिकट असते. लगेच कामाचं सांगा: हाक मारण्याऐवजी समोर या किंवा खांद्यावर हलकेच थाप मारा, एका वेळी एकाने बोला, बोलण्याआधी हात वर करा. मागच्या बाकावरून आलेलं उत्तर तुम्ही पुन्हा म्हणा. पान नंबर दाखवायला शेजारी सोबती असावा, पण दर आठवड्याला नवा. एकाच मुलीवर ते काम टाकलं तर महिन्याभरात मैत्री जाते आणि नोकरी उरते.

मैदानावर मशीनपेक्षा नियम उपयोगी पडतात. कबड्डीत मशीन काढून डबीत ठेवा. मग तिला शिट्टी ऐकू येणार नाही, म्हणून पंचाने शिट्टीबरोबर हातही वर करायचा. हे खेळाआधी ठरवा. खो-खो तर तिच्यासाठी बराचसा तयारच आहे: ‘खो’ देताना पाठीवर हात लागतोच. संगीत खुर्चीत गाणं थांबलं की रुमाल खाली टाका, आणि नियम सगळ्यांना तोच ठेवा, रुमाल पडला की बसायचं.

आता शीर्षकाबद्दल. वर्गात कोणीतरी काही बोललं, सगळे हसले, सुमी इकडेतिकडे बघून एक क्षण उशिरा हसली आणि मग शेजारणीला विचारलं, ‘काय झालं?’ शेजारीण म्हणते, ‘काही नाही, जाऊ दे.’ त्यात दुष्टपणा नसतो, कंटाळा असतो. दिवसातून दहा वेळा हे ऐकलं की ती विचारणं सोडते, आणि मग शहाणी, शांत मुलगी म्हणून प्रगतिपुस्तकात तिचं कौतुक होतं. विनोद दुसऱ्यांदा सांगताना पडतो, हे खरं. तरी सांगायचा. तिला तो फालतू वाटला तर ती तसं म्हणेल.

टेबलावर एक जुनं मशीन, साचा आणि नळी ठेवली आहे. पुढे या, हातात घेऊन बघा, सेल काढून बसवा. सेल सहा आहेत. जाताना मोजून घेणार आहे.