सिंहाच्या वाट्यात किती वाटे?

श्रोतेहो, 'सिंहाचा वाटा' हा शब्दप्रयोग इंग्रजीतील 'लायन्स शेअर' या पदाचे भाषांतर होऊन मराठीत आला आणि इतका रुळला की तो आपल्याला घरचाच वाटतो. आज मला त्याच्या अर्थाविषयी आणि विशेषतः त्याच्या मराठी वापराविषयी बोलायचे आहे, कारण या वापरात शिकार करणारे आणि शिकार खाणारे यांची अदलाबदल झाली आहे, असे माझे ठाम मत आहे.

मूळ कथा इसापाच्या परंपरेतील आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात फीड्रस या रोमन कवीने ती लॅटिन पद्यात सांगितली. गाय, शेळी आणि मेंढी यांनी सिंहाशी भागीदारी केली आणि चौघांनी मिळून एक भलेमोठे हरीण मारले. (गवत खाणाऱ्या या तिघींना हरणाच्या मांसाचा काय उपयोग, असा प्रश्न आपल्यापैकी अनेकांच्या मनात आला असेल, माझ्याही मनात तो शाळेपासून आहे. त्याचे उत्तर मला एवढेच दिसते की, दुबळ्याला भागीदारीत ओढताना त्याला काय हवे आहे, हे बलवान विचारत नाही.) सिंहाने शिकारीचे चार समान भाग केले, आणि इथपर्यंत न्याय चोख होता. मग पहिला भाग त्याने राजा म्हणून घेतला, दुसरा शूर म्हणून, तिसरा सर्वांहून बलवान म्हणून. आणि चौथ्याला जो हात लावील त्याचे बरे होणार नाही, असे बजावले. इसापाच्या नावावरील दुसऱ्या एका कथेत गाढव शिकारीचे तीन सारखे वाटे करते आणि सिंह त्यालाच खातो. ते पाहिलेला कोल्हा जवळजवळ सगळी शिकार सिंहापुढे सारतो, आणि ही वाटणी कोणी शिकवली असे सिंहाने विचारताच 'गाढवाच्या दशेने' असे उत्तर देतो.

म्हणजे सिंहाचा वाटा मुळात चारांपैकी चार होता. पुढे इंग्रजीत तो 'सर्वांत मोठा भाग' एवढ्यावर आला, आणि मोठा भाग कामाचाही असू शकतो म्हणून इंग्रज तो कामालाही लावू लागला. आपण तर त्याला सत्काराची शाल पांघरली. संस्थेच्या उभारणीत अमुकांचा सिंहाचा वाटा आहे, असे आपण व्यासपीठावरून कृतज्ञतेने म्हणतो आणि तो त्यांनी 'उचलला' असेही म्हणतो. कथेतला सिंह ओझे उचलत नव्हता, तो मांस उचलत होता. प्रत्यक्ष जंगलातही कळपाच्या शिकारीचे बरेचसे काम सिंहिणी करतात आणि खाताना नर पुढे होतो. मला हे ऐकताना शेतावर दिवसभर राबणाऱ्या आणि सातबाऱ्यावर नाव नसलेल्या असंख्य बायका आठवतात.

वेळ संपत आल्याची चिठ्ठी आली आहे, त्यामुळे कायद्याचा जो भाग मी विस्ताराने मांडणार होतो, तो आता धावताच सांगतो. एकाला फक्त नफा आणि दुसऱ्याला फक्त तोटा, अशा भागीदारीला रोमन कायदेपंडित याच कथेवरून 'सिंहाची भागीदारी' म्हणत आणि ती अमान्य ठरवत. इटलीच्या 1942 च्या नागरी संहितेत, भागीदाराला नफ्यातून किंवा तोट्यातून पूर्णपणे वगळणारा करार आजही रद्दबातल आहे.

आपल्या 1932 च्या भागीदारी कायद्याच्या चौथ्या कलमातील व्याख्या मात्र केवळ नफ्याच्या वाटणीविषयी बोलते. वेगळा करार नसेल तर नफा आणि तोटा दोन्ही समान, असे तेरावे कलम म्हणते. म्हणजे सगळे करारावर येते, आणि करारपत्राचा मसुदा बहुधा बलवान भागीदारच करून आणतो. हे ज्या शब्दाने एका दमात सांगता येते, तोच शब्द आपण गौरवासाठी खर्च करून टाकला आहे.

म्हणून संस्थांचे अहवाल आणि मानपत्रे लिहिणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे की, काम केलेल्यांसाठी 'मोलाचा वाटा' किंवा 'सर्वाधिक काम' असे लिहावे, सोबत काम केलेल्यांची नावेही द्यावीत, आणि 'सिंहाचा वाटा' हे शब्द जिथे कोणी इतरांच्या कष्टाचे फळ बळाने घेतले असेल, त्या जागेसाठी राखून ठेवावेत.