माजघराच्या दाराची झडप

पडद्यावर दिसणारी ही सागवानी झडप नाशिकच्या जुन्या गावठाणातील एका वाड्याच्या माजघराची आहे. वाटण्या होऊन वाडा पाडला गेला, तेव्हा लाकूड वखारीत जाण्यापूर्वी घरातल्याच एका मुलीने हे दार मागून घेतले. आज ती मुद्राचित्रकार आहे आणि ज्या घराचे ते दार, त्याच घराची चित्रे त्यावर कोरते.

काष्ठठशाचे तंत्र सांगायला सोपे आहे. जे पांढरे हवे ते पटाशीने काढून टाकायचे, उरलेल्या पृष्ठभागावर रोलरने शाई फिरवायची आणि वर कागद अंथरून तो लाकडी चमच्याने पाठीमागून घासायचा. अडचण एवढीच की काढलेले लाकूड परत बसवता येत नाही, आणि लाकडाच्या रेषांच्या आड गेलेली पटाशी नको तेवढी ढलपी उडवते. खिळ्यांची भोके आणि कडी घासून पडलेली खाच ही चित्रकर्ती बुजवत नाही. शाई तिथे पोहोचत नसल्याने एका ठशात दिव्याभोवती अभ्यासाला बसलेल्या चार चुलत भावंडांच्या अंगावर ती पांढरी उमटली आहेत.

जर्मन चित्रकर्ती केथे कोलविट्झ यांचा मुलगा पेटर १९१४ मध्ये युद्धात मारला गेला. त्यानंतर काही वर्षांनी त्यांनी केलेल्या युद्धविषयक सात काष्ठठशांपैकी एकात गुडघे टेकलेले आईवडील एकमेकांत मिसळून एकच काळा आकार झाले आहेत. लाकडाला असा ठाम काळा साधतो. आपल्या चित्रकर्तीला मात्र घरातली गजबज हवी असते, म्हणून तिचे ठसे बारीक पांढऱ्या रेषांनी भरून जातात. क्वचित जरा जास्तच.

नाशिकला छपाई नवी नाही. १९२६ पासून देशाची टपाल तिकिटे नाशिकरोडला छापली जाऊ लागली. तिथे प्रत्येक प्रत हुबेहूब निघावी लागते. इथे हाताचा दाब बदलला की आजीच्या लुगड्याचा काठ फिका होतो.

या आजीचीच एक गोष्ट आहे. ठसा कागदावर उलटा उमटतो, हे ठाऊक असूनही पहिल्या झडपेवर तिने आजीला सरळच कोरले, आणि कागदावर आजी सवाष्णीला डाव्या हाताने कुंकू लावू लागली. आईने ते पाहून एवढेच विचारले, "अगं, डाव्या हाताने कुंकू?" मग दाराची दुसरी झडप घेतली गेली, रेखाटन ट्रेसिंग पेपरवर उलटवून पुन्हा कोरले गेले आणि वाटणीतल्या पाच घरांसाठी पाच ठसे निघाले. त्यांच्यावर पेन्सिलीने १/५ ते ५/५ असे अंक आहेत. चुकलेल्या ठशावर अंक नाही. तो आईने मागून घेतला आणि देवघरात न लावता स्वयंपाकघरात, डब्यांच्या मांडणीशेजारी लावला.