१००३ म्हणजे कोण?

(दृश्य: दांडिया बाजार, सकाळ. वाड्याचा लाकडी जिना.)

वडोदऱ्यातल्या या वाड्याच्या माडीवर सहा कॉम्प्युटर आहेत आणि कोपऱ्यात एक सर्व्हर. त्यावर जुन्या मोडी कागदांचे स्कॅन आणि त्यांची लिप्यंतरं. लिप्यंतर करणाऱ्या प्रत्येकीचं फोल्डर वेगळं. एकीच्या कामाला दुसरीनं हात लावायचा नाही, ही इथली शिस्त.

यंत्रणा मी सांभाळतो. एका दुपारी घरचा लॅपटॉप जोडला, त्यावर १००३ क्रमांकाचा युजर तयार केला (सर्व्हरवर ताईंचा क्रमांक हाच) आणि ताईंचं फोल्डर सरळ उघडलं. पासवर्ड कुणी विचारलाच नाही. माझ्या पोटात गोळा आला.

(दृश्य: टर्मिनल.)

यात बिघाड काहीच नव्हता. आमच्या फाइल नेटवर्कवरून वाटून देणारी यंत्रणा म्हणजे सन मायक्रोसिस्टम्सनं १९८४ मध्ये आणलेली एनएफएस, आणि ती मुळात अशीच चालते. विनंतीबरोबर युजरचा क्रमांक येतो आणि सर्व्हर तो खरा मानतो. म्हणजे भरवसा माणसावर नाही, पलीकडच्या मशीनवर. रूटला, म्हणजे सर्वाधिकारी युजरला, तेवढं तो सहसा 'नोबडी', म्हणजे हक्क नसलेला युजर, करून टाकतो.

त्याच दशकात कार्नेगी मेलन विद्यापीठात एएफएस ही तशीच दुसरी फाइल यंत्रणा घडत होती. टेबलावरचं मशीन विश्वासाचं नाही, असं तिच्या कर्त्यांनी आधीच धरलं होतं. मला ही दूरदृष्टी फार मोठी वाटते. पुढे तिथे एमआयटीचं कर्बेरॉस, म्हणजे ओळख पडताळण्याची पद्धत, आलं. त्यात पासवर्ड तारेवरून जातच नाही. तिसराच एक सर्व्हर ठरावीक वेळेपुरतं तिकीट देतो, आणि फाइल सर्व्हर ते आपल्या गुप्त किल्लीनं उघडून तपासतो.

हडूप या प्रचंड डेटा हाताळणाऱ्या सॉफ्टवेअरची फाइल यंत्रणा एचडीएफएस सुरुवातीला युजरनं सांगितलेल्या नावावरच विसंबायची. कर्बेरॉस तिला नंतर मिळालं. सेफ (Ceph) नावाची आणखी एक साठवण यंत्रणा कर्बेरॉससारखीच, पण स्वतःची तिकिटं देते.

एनएफएसच्या चौथ्या आवृत्तीनं २००० मध्ये अशा पडताळणीची सोय ठेवणं बंधनकारक केलं. वापरणं मात्र नाही! म्हणून कित्येक ठिकाणी आजही क्रमांकावरच कारभार चालतो. आम्ही एनएफएसमधला कर्बेरॉसचा 'केआरबी५पी' हा पर्याय निवडला: ओळख तपासली जाते, मजकूरही कूटबद्ध होतो.

(दृश्य: मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल.)

पहिल्याच दिवशी ताईंनाच प्रवेश नाकारला गेला. त्यांच्या मशीनचा सेल संपल्यामुळे घड्याळ मागे पडलं होतं, आणि कर्बेरॉस साधारण पाच मिनिटांपलीकडचा फरक चालवून घेत नाही. सेल बदलला, वेळ जुळवली, फोल्डर उघडलं.

मग मी पुन्हा लॅपटॉप जोडला. १००३ तसाच होता. या वेळी सर्व्हरनं त्याला दारातूनच परत पाठवलं.