उजाड जग आणि रंगीत पेन्सिली

नमस्कार श्रोतेहो! आज चित्र काढायचंय एका संपलेल्या जगाचं, माणसं निघून गेलीयत, बिल्डिंगी अर्ध्या ढासळल्यात, रस्त्यात गाड्या गंजत पडल्यात, आणि हे सगळं साध्या रंगीत पेन्सिलींनी. तर सगळ्यात आधी काळी पेन्सिल बाजूला ठेवा. खरंच ठेवा. विध्वंस म्हटलं की हात आपोआप काळ्याकडे जातो आणि मग चित्र भकास वाटायच्या ऐवजी नुसतंच काळं दिसतं. भकासपणा येतो तो धुळीतून, विटलेल्या रंगांतून.

म्हणून करडा रंग आपला आपण बनवायचा. निळ्यावर हलक्या हाताने नारिंगी फिरवा, नाहीतर जांभळ्यावर पिवळा, हे विरुद्ध रंग एकमेकांना मारतात आणि जो करडा तयार होतो तो कुठे उबदार कुठे गार असा निघतो, तयार करड्या पेन्सिलीत ही मजा नाही. त्याच्याही आधी अख्ख्या कागदावर, आकाशासकट, मातकट पिवळ्याचा एक पातळ हात द्या, म्हणजे सगळीकडे एकच धूळ बसल्यासारखी वाटते. लांबच्या इमारती फिक्या, जवळचे खांब गडद, एवढं सांभाळलंत तरी खोली येते.

आता गाडी घ्या. गंज सगळीकडे सारखा नसतो बरं का, तो पत्र्याच्या कडांना, सांध्यांना, पोपडे उडालेल्या जागी आधी धरतो आणि पावसाच्या पाण्याबरोबर खाली ओघळतो. आधी नारिंगी, त्यावर विटकरी, मग खोल जागी थोडा जांभळा, आणि स्ट्रोक वरून खालीच.

लोंबणाऱ्या तारा, वाळलेलं गवत, काचेवरच्या भेगा यांच्यासाठी रिफिल संपलेलं बॉलपेन घ्या आणि रंग भरायच्या आधी कागदावर दाबून रेघा ओढा, मग पेन्सिल आडवी धरून वरून फिरवली की त्या रेघा कोऱ्या राहतात. हे एकदा करून बघाच!

बघायला खऱ्या जागा आहेत. १९८६ मध्ये युक्रेनमधल्या चर्नोबिल अणुभट्टीच्या स्फोटानंतर प्रिप्यात हे शहर दुसऱ्याच दिवशी रिकामं केलं, तिथे आता इमारतींच्या मधोमध झाडं वाढलीत आणि तो पिवळा आकाशपाळणा तसाच उभा आहे. किंवा नामिबियातलं कोल्मनस्कोप, हिऱ्यांच्या खाणीचं गाव, तिथे घरांच्या खोल्यांमध्ये वाळू भरलीय. मला पेन्सिलीसाठी कोल्मनस्कोप जास्त आवडतं, कारण कागदाचा खरखरीतपणाच वाळूचं निम्मं काम करून टाकतो.

जोर लावून घासायचं ते एकदम शेवटी, कारण कागदाचा खरखरीतपणा पेन्सिलीतल्या मेणाने भरला की वर दुसरा रंग चढत नाही. आणि मेणाच्या पेन्सिलींचा जाड थर असेल तर काही दिवसांनी त्यावर पांढुरकी झाक येते, घाबरू नका, मऊ कपड्याने हलकेच पुसली की जाते, पण या चित्रात ती जमिनीवर आली तर मी पुसतच नाही, धूळच वाटते ती.