लाकडं जिकडे वाहत गेली तिकडे

नमस्कार श्रोतेहो. सकाळचा चहा अजून हातात असेल तर असू द्या, आज आपल्याला घाई नाही.

फ्रान्सच्या बर्गंडी भागात दसीझ नावाचं गाव आहे, ल्वार नदीकाठी. तिथून ओसेर शहरापर्यंत १७४ किलोमीटरचा एक जुना कालवा जातो, निव्हेर्ने कालवा. गेल्या जूनमध्ये मी आणि माझा भाचा त्याच्या काठाने सायकलवरून गेलो. भाचा दिजाँला शिकतो. पाच दिवस लागले. तरण्या मुलांना तीन पुरतील, पण तीन दिवसांत करू नका असं माझं मत आहे.

सायकल होती ग्रॅव्हल सायकल. हँडल शर्यतीच्या सायकलीसारखं खाली वळलेलं, टायर मात्र रुंद, चाळीसेक मिलिमीटरचे, आणि त्यांत हवा बेताची. मुरमाच्या वाटेवर असा टायर दगडावरून उडत नाही, दगडाला जरा कुशीत घेतो आणि पुढे जातो. म्हणून हवा कमी ठेवा. पुन्हा सांगते, हवा कमी ठेवा. आपल्याकडे दुकानदार टायर दगडासारखा होईपर्यंत पंप मारतो आणि आपण अंगठ्याने दाबून खूश होतो. डांबरावर ते चालून जातं. खडीवर मात्र संध्याकाळी मनगटं अशी भरून येतात की पोळीचा तुकडा मोडवत नाही.

वाट कशी आहे? पूर्वी बोटी ओढायला घोडी आणि माणसं काठाने चालायची, त्यांची ही वाट. काही ठिकाणी डांबर, बऱ्याच ठिकाणी बारीक खडी, मध्येच नुसत्या दोन चाकोऱ्या आणि त्यांच्यामधे गवत. चढाची भीती बाळगू नका. कालव्याचं पाणी आडवं असतं, म्हणून वाटही आडवी. जिथे लॉक येतं, म्हणजे बोट वर-खाली करायचा दरवाजांचा हौद, तिथे तेवढी छोटीशी उतरण किंवा चढण. सगळ्यात उंच जागा समुद्रसपाटीपासून २६० मीटरच्या आसपास आहे, ला कोलांसेल गावाजवळ. तिथे कालवा तीन बोगद्यांतून जातो. लांबातला लांब ७५८ मीटरचा. बोट बोगद्यातून जाते आणि सायकल वरच्या जंगलातून. पलीकडे उतरलात की नेच्यांनी आणि शेवाळाने भरलेली खोल घळ, आणि मग सार्दीची सोळा लॉकं, एकाखाली एक, साडेतीन किलोमीटरच्या आत. प्रत्येकाशी थांबायला हवं. आम्ही थांबलो. तेवढ्यात सकाळ संपली.

कानात गाणी घालून जाऊ नका. लॉकच्या दरवाजाच्या फटीतून पाणी पडतं त्याचा आवाज वळणाआधीच ऐकू येतो, आणि तो ऐकत गेलं की पुढचं लॉक किती दूर आहे ते कळायला लागतं. माझं तर असं मत झालंय की आपल्या शाळांमध्ये मुलांना आठवड्यातून एक तास नुसतं ऐकायला शिकवलं पाहिजे. पण ते असो.

हा कालवा खणला कशासाठी? जळणासाठी. सोळाव्या शतकात पॅरिसला सरपण पुरेना, आणि मोर्वांच्या डोंगरात जंगल उदंड. मग ओंडके ओढ्यांत सोडायचे. प्रत्येक ओंडक्यावर मालकाची खूण ठोकलेली. ते वाहत वाहत यॉन नदीला मिळायचे, क्लामसी गावाशी अडवून निवडायचे, आणि त्यांचे लांबच लांब तराफे बांधून माणसं ते पॅरिसला न्यायची. परत मात्र पायी यायची. १५४९ साली झाँ रूव्हे यांनी ही रीत सुरू केली असं तिकडे सांगतात. लाकूड आणखी नेता यावं म्हणून १७८४ मध्ये कालव्याचं काम काढलं, मध्ये राज्यक्रांती झाली, आणि कालवा पुरा व्हायला १८४० चं दशक उजाडलं. क्लामसीतल्या पुलाचं नाव बेथलेहेम आहे. बेथलेहेमच्या बिशपांना पॅलेस्टाइन सोडावं लागल्यावर त्यांनी इथे आश्रय घेतला आणि राज्यक्रांतीपर्यंत त्यांचं पीठ इथेच राहिलं.

तर वाट दसीझकडून धरा, म्हणजे निम्म्याहून जास्त रस्ता लाकडांच्या दिशेने होतो.

आता पाण्याचं. फ्रान्सच्या खेड्यात दुपारी बारा ते दोन दुकान बंद, आणि सोमवारी तर पुष्कळदा दिवसभर बंद. पाणी बाराच्या आत भरा. लक्षात ठेवा, बाराच्या आत. आणि चुकलात तर गावची दफनभूमी शोधा. तिथले सायकलवाले हेच करतात. कबरींवरच्या फुलांना घालायला तिथे नळ असतो. नळावर पाणी पिण्याचं नाही अशी पाटी असेल तर पिऊ नका, एवढं पाहायचं.

आम्ही चुकलो, आणि तो वार सोमवारच होता. सार्दीला वेळ गेलेला, कॉर्बिनीला पाणी भरायचं राहिलं, ऊन टळटळीत. यॉनकाठी ब्रेव्ह नावाचं लहानसं गाव आहे, तिथे पोचलो तेव्हा बाटल्या कोरड्या होत्या. दुकानही दिसेना. भाचा म्हणाला, "मावशी, दफनभूमी." लोखंडी फाटक ढकलून आत गेलो. नळाशी एक आजी झारी भरत होत्या. ऐंशीच्या पुढच्या असतील. झारी भरली आणि त्यांना उचलवेना. मी उचलली. कुठे न्यायची ते त्यांनी हाताने दाखवलं. त्यांच्या यजमानांची कबर होती. मी पाणी घातलं, त्यांनी वाळकी फुलं खुडली, आणि मग विचारलं, कुठून आलात?

भाच्याने सांगितलं, भारतातून.

त्या सरळ उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "मग या." झारी तिथेच ठेवली, माझा दंड धरला आणि मला चार ओळी पलीकडे नेलं. दगडावर नाव होतं रोमाँ रोलाँ.

मी वर्ध्याची आहे, श्रोतेहो. हे नाव मी लहानपणापासून ऐकलेलं. १९२४ साली गांधीजींचं चरित्र लिहून त्यांना युरोपच्या घराघरांत पोचवणारे फ्रेंच लेखक रोलाँ. १९३१ च्या डिसेंबरात, गोलमेज परिषदेनंतर, गांधीजी स्वित्झर्लंडमध्ये त्यांच्याकडे जाऊन राहिले, आणि रोलाँनी त्यांना पियानोवर बेथोव्हन वाजवून दाखवला. ते जन्मले क्लामसीत, १८६६ साली. गेले व्हेझलेला, १९४४ मध्ये. इतकं मला ठाऊक होतं. ते ब्रेव्हला असतील हे मात्र ठाऊक नव्हतं. सायकलच्या नकाशावर मी या गावापुढे फक्त "पाणी?" असं लिहिलं होतं.

मी आजींना सांगितलं, आमच्या गावापासून जवळच सेवाग्राम आहे, गांधीजींचा आश्रम. तिथे मीराबेनने बांधलेली कुटी आहे, पुढे बापू तीतच राहिले. मीराबेन म्हणजे एका इंग्रज आरमारी अधिकाऱ्याची मुलगी. बेथोव्हनच्या ओढीने ती रोलाँना भेटायला गेली, आणि त्यांनी तिला गांधीजींबद्दल सांगितलं. १९२५ मध्ये ती भारतात आली. भाचा भाषांतर करत होता. कुडाच्या भिंती म्हणजे काय ते त्याला फ्रेंचमध्ये सांगता येईना. मी जमिनीवर काड्या उभ्याआडव्या मांडल्या आणि वर मातीचा हात फिरवून दाखवला. आजी लगेच म्हणाल्या, "आमचं जुनं गोठ्याचं घर तसंच होतं."

मग त्यांनी एकच प्रश्न विचारला. "ती मुलगी तिकडे राहिली का?"

म्हटलं, राहिली, तीस वर्षांहून जास्त. तुरुंगातही गेली.

आजींनी मान हलवली. खिशातून किराणा मालाच्या यादीचा कागद काढला, मला पेन दिलं, आणि सेवाग्राम हे नाव लिहायला सांगितलं. मी देवनागरीत लिहिलं, खाली भाच्याने त्यांच्या लिपीत. त्यांनी ते दोनदा मोठ्याने म्हणून पाहिलं. त्यांचा उच्चार मला अजून ऐकू येतो, "सेवाग्राँ."

ही गोष्ट मी सांगत राहते, कारण त्या दिवशी पाणी बाराच्या आत भरलं असतं तर मी ब्रेव्हच्या फाटकावरून तशीच पुढे गेले असते. तरी पाणी बाराच्या आतच भरा हो. ऊन वाईट असतं. आणि गावोगावी एक नळ, वाटसरूला विचारावं न लागता पाणी मिळेल असा, ही फार मोठी गोष्ट आहे. आपल्याकडे पाणपोया होत्या, रांजणाला ओलं फडकं गुंडाळलेलं असायचं. त्या पुन्हा मांडायला काय हरकत आहे? बाटलीबंद पाण्यापायी आपण ते सोडून दिलं, याचं मला वाईट वाटतं.

निघताना आजींनी आम्हाला वाट सांगितली. म्हणाल्या, आता कालव्याने जाऊ नका, शेतातून जुनी गाडीवाट आहे तिने जा, सावली आहे. वळण चुकलात तर थांबा आणि नदीचं पाणी कुठे चाललंय ते बघा. "माझ्या आजोबांच्या वेळी लाकडं तशीच क्लामसीला जायची."

ती वाट या पाच दिवसांतली सगळ्यात सुंदर. पांढरा मुरूम, दोन्ही बाजूंना झुडपांची कुंपणं, त्यापलीकडे चरणाऱ्या पांढऱ्या गाई. आम्ही दोनदा चुकलो. दोन्ही वेळा सायकली आडव्या टाकून काठावर गेलो आणि पाणी कुठे चाललंय ते पाहिलं. साडेसहाला बेथलेहेम पुलावर पोचलो. तिथे झाँ रूव्हे यांचा अर्धपुतळा आहे. बाटलीत ब्रेव्हच्या नळाचं पाणी थोडं उरलं होतं, ते आम्ही दोघांनी तिथे वाटून प्यायलो.

नमस्कार.