पंचविशीत मधुमेह निघाला, आता काय?

नमस्कार मंडळी! आजचा व्हिडिओ अशांसाठी आहे, ज्यांनी अजून तिशीही ओलांडलेली नाही आणि रिपोर्टवर मधुमेह आलाय. कुणाला नोकरीच्या मेडिकलमध्ये कळतं, तर कुणी सारखी तहान लागते, रात्री लघवीला उठावं लागतं, वजन उतरतंय म्हणून तपासून घेतं. एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी, 6.5 टक्के किंवा त्याहून जास्त, उपाशीपोटी साखर 126 किंवा त्याहून जास्त, म्हणजे मधुमेह. लक्षणं नसतील तर डॉक्टर पुन्हा एकदा तपासून खात्री करतात. तेवढी खात्री जरूर करून घ्या. त्यानंतर मात्र ‘या लॅबचं चुकलं असेल’ म्हणत तिसरी, चौथी लॅब गाठू नका. मला स्वतःला कॉलेज संपता संपता टाइप वन निघाला, त्यामुळे ती आशा किती चिवट असते ते मला ठाऊक आहे.

घरी रिपोर्ट पोचला की उलटतपासणी सुरू होते. ‘रात्र रात्र जागतोस, बाहेरचं खातोस, दुसरं काय होणार!’ नाहीतर, ‘आमच्याकडे कुणालाच नाही, तुमच्याकडूनच आला.’ माणसं घाबरलेली असतात म्हणून बोलतात. पण ज्याला निदान झालंय त्याच्या मनात ते रुतून बसतं, आणि मग तो आजार लपवायला लागतो, औषध टाळायला लागतो. मला याचीच सगळ्यात जास्त काळजी वाटते.

म्हणून हे नीट ऐका. टाइप वनमध्ये आपलीच रोगप्रतिकारशक्ती स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारते. गोड खाऊन तो होत नाही. टाइप टूमध्ये खाणं, वजन, व्यायाम यांचा वाटा आहेच, पण घराण्याचा आणि शरीराच्या ठेवणीचाही आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी यावर वर्षानुवर्षं काम केलंय. 2004 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभा असलेला फोटो छापून आला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, सारखाच, 22.3. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2 टक्के! पुण्याजवळच्या खेड्यांतल्या नवजात बाळांची वजनं-मापं घेतली तेव्हाही हेच दिसलं. इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा ती कितीतरी लहानखुरी, पण त्या मानाने अंगावर चरबी टिकून. ज्याची सुरुवात आईच्या पोटात झालेली असू शकते, त्याचा सगळा हिशोब तुमच्या वडापावावर कसा मांडायचा? तेव्हा ‘मीच का’ हा प्रश्न बाजूला ठेवा आणि डॉक्टरांना दुसरा प्रश्न विचारा: माझा मधुमेह नक्की कोणता?

तरुण वयात हे विचारायलाच हवं. मोठेपणी सुरू होणारा टाइप वन कधी कधी हळूहळू येतो. सुरुवातीला गोळ्यांनी साखर उतरतेही, म्हणून तो टाइप टू समजला जातो. तुम्ही बारीक असाल, वजन आपोआप घटत असेल, गोळ्या चालू असूनही साखर चढत असेल, तर जीएडी अँटीबॉडी आणि सी-पेप्टाइड या तपासण्यांबद्दल विचारा. पहिलीत शरीर स्वतःच्याच पेशींवर उठलंय का ते कळतं, दुसरीत तुमचं स्वतःचं इन्सुलिन किती बनतंय ते. टाइप वनवाल्याने कुणाच्या सांगण्यावरून जांभळाच्या बियांची पूड सुरू करून इन्सुलिन बंद केलं, तर ते जिवावर बेततं. उलट्या, पोटदुखी, खोल जोरजोरात श्वास, असं काही दिसलं तर सकाळची वाट बघू नका, लगेच हॉस्पिटल गाठा.

(ग्लुकोमीटर हातात घेऊन) आता हे यंत्र. आधी साबणाने हात धुवा आणि पूर्ण कोरडे करा. आंबा कापून तशाच बोटाने तपासलं तर साखर उगाचच जास्त दिसते. सुई बोटाच्या मधोमध मारू नका, कडेला मारा. तिथे कमी दुखतं. रोज बोट बदला. आणि आलेला आकडा लिहून ठेवा, पुढे काय खाल्लं होतं तेही. दोन वाट्या भात खाल्ल्यावर काय होतं आणि एक वाटी भात, सोबत उसळ आणि कोशिंबीर घेतल्यावर काय होतं, हे तुमचं तुम्हाला दिसेल. मग पथ्याचा कागद कुणी लादल्यासारखा वाटत नाही.

लग्नाचं विचारणारे मेसेजेस मला सतत येतात, बहुतेक मुलींचे. ‘कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात सांगू नकोस, नंतर बघू,’ असं घरचेच म्हणतात. माझं मत स्पष्ट आहे. होकार-नकार होण्याआधी सांगा. मधुमेह असूनही मूल होऊ शकतं, निरोगी बाळं जन्माला येतात. पण त्यासाठी दिवस राहण्याआधीपासून साखर आटोक्यात लागते, कारण बाळाचे अवयव पहिल्या काही आठवड्यांतच घडतात. सासरी बाथरूममध्ये लपून इन्सुलिन टोचणाऱ्या मुलीला ही तयारी कशी जमणार? नवऱ्याला माहीत असलंच पाहिजे.

तसंच ऑफिसमध्ये किंवा हॉस्टेलवर निदान एकाला सांगून ठेवा. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल तर साखर 70 च्या खाली जाऊ शकते. घाम फुटतो, हात थरथरतात, बोलणं तुटक होतं, आणि अशा वेळी स्वतःला सुचेलच असं नाही. त्या मित्राला एवढंच शिकवा: शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं, अजून कमीच असेल तर परत द्यायची. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, कुशीवर वळवायचं आणि 108 ला फोन लावायचा.