टेक्सास लीगमधला पहिला कृष्णवर्णीय पिचर

(पडद्यावर: जुन्या बेसबॉल मैदानाचे कृष्णधवल फोटो)

जून १९५२. लुइझियाना राज्यातलं श्रीव्हपोर्ट शहर. सामन्याआधी पाहुण्या डॅलस बेसबॉल संघाचा पिचर, म्हणजे फलंदाजाकडे चेंडू फेकणारा, डेव्ह हॉस्किन्स याच्या हाती तीन पत्रं पडली. पहिल्यात लिहिलं होतं, खेळाडूंच्या बाकावर बसलास तर गोळी घालू. दुसऱ्यात, मैदानात उतरलास तर. तिसऱ्यात, चेंडू टाकायला उभा राहिलास तर.

हॉस्किन्सनं मॅनेजरला काही सांगितलं नाही. सांगितलं तर तो खेळवणारच नाही, ही भीती मोठी होती. तिन्ही पत्रं एकाच माणसाची असावीत, उगाच धाक घालायला लिहिलेली, अशी त्यानं मनाची समजूत घातली. तो खेळला. सामनाही जिंकून दिला.

जॅकी रॉबिन्सन हा कृष्णवर्णीय खेळाडू १९४७ मध्येच मेजर लीगमध्ये, म्हणजे अमेरिकी बेसबॉलच्या सर्वोच्च पातळीवर उतरला होता. पण टेक्सास, लुइझियानात मेजर लीगचा एकही संघ नव्हता. तिथल्या लोकांचं बेसबॉल म्हणजे टेक्सास लीग, मेजर लीगच्या खालच्या पातळीची स्पर्धा. सुरुवात १८८८ ची, आणि पहिला कृष्णवर्णीय खेळाडू, हॉस्किन्स, दिसायला १९५२ उजाडलं.

त्याला आणलं कुणी? समाजसुधारकानं नव्हे. डॅलस ईगल्सचे मालक डिक बर्नेट तेलाच्या धंद्यातले, गल्ल्यावर डोळा असलेले गृहस्थ. १९५० साली टाय कॉबसारखे बेसबॉलचे निवृत्त दिग्गज मैदानात उतरवून त्यांनी एका सामन्याला ५३ हजारांवर माणसं जमवली होती. हॉस्किन्स खेळला तर कृष्णवर्णीय प्रेक्षक तिकीट काढतील, हा त्यांचा हिशेब. तो बरोबर निघाला. वेगळ्या राखलेल्या जागांत बसावं लागलं, तरी लोक आले. हेतू धंद्याचा होता म्हणून मी तरी बर्नेटना नावं ठेवणार नाही. गोळीची धमकी मात्र त्यांना नव्हती आली.

(पडद्यावर: धावफलक)

बेसबॉलमध्ये हार-जीत पिचरच्या नावावर लागते. त्या मोसमात हॉस्किन्सचे २२ विजय, १० पराभव. पिचर असून फलंदाजीची सरासरी .३२८, म्हणजे दर हजार प्रयत्नांत ३२८ यशस्वी फटके! तरी गोऱ्यांच्या हॉटेलात खोली मिळत नसे. पुढच्या वर्षी तो क्लीव्हलँडकडून मेजर लीगमध्ये गेला, तिथे ९ जिंकले, ३ हरला.

लीगमधल्या इतर संघांनीही मग कृष्णवर्णीय खेळाडू घेतले. श्रीव्हपोर्टनं नाही. उलट १९५६ मध्ये लुइझियानानं कायदाच केला: गोरे आणि कृष्णवर्णीय एकत्र खेळणार नाहीत. पाहुणे संघ आपले कृष्णवर्णीय खेळाडू मागे ठेवून श्रीव्हपोर्टला जाऊ लागले. हा कायदा न्यायालयात टिकला नाही. १९५९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तो रद्द ठरवणारा निकाल कायम केला.